बालविकासाचा विचार आणि बालशाळेचा आचार

शाळेचे वेळापत्रक वरवर पाहता घड्याळाच्या तासांचे कोष्टक दिसते. वस्तुतः त्यात मुलाविषयीची एक समजूत दडलेली असते. मूल म्हणजे कोरी पाटी, असे मानणारा शिक्षक तिच्यावर शक्य तितक्या लवकर आणि शक्य तितके लिहू पाहतो. मूल म्हणजे अंगभूत शक्ती घेऊन आलेले रोप, असे मानणारा माळ्याची भूमिका पत्करतो. मूल स्वतःच जगाचा अर्थ लावीत असते, अशी ज्याची धारणा असते, तो त्याच्या हाती वस्तू देतो आणि त्याच्या प्रश्नाची वाट पाहतो. म्हणून बालशाळेत काय शिकवितात, हे विचारण्यापूर्वी तेथे मुलाची कोणती कल्पना गृहीत धरली आहे, हे विचारले पाहिजे.

या कल्पनेचा प्रवास दीर्घ आहे. रूसोने १७६२ साली ‘एमिल’ लिहून, बालपण ही प्रौढत्वाची केवळ पूर्वतयारी नव्हे, त्याला स्वतःचा असा अर्थ आहे, हा विचार मांडला. फ्रोबेलने १८३७ मध्ये जर्मनीत बालशाळा काढली आणि पुढे तिला ‘किंडरगार्टन’, म्हणजे मुलांची बाग, हे नाव दिले. मारिया मॉंटेसोरी यांनी १९०७ साली रोममधील सान लोरेन्झो या गरीब वस्तीत बालगृह सुरू केले. निवडीचे स्वातंत्र्य आणि योग्य साधने मिळाली, तर लहान मूलही दीर्घकाळ एकाग्र होते, हे त्यांनी तेथे पाहिले.

पुढे प्याजे यांच्या प्रयोगांनी या विचाराला शास्त्राची जोड दिली. रुंद पेल्यातील पाणी मुलाच्या डोळ्यांदेखत उंच, अरुंद पेल्यात ओतले, तर चार-पाच वर्षांचे मूल बहुधा ‘पाणी वाढले’ असे सांगते. ते चुकत नसते. ते आपल्या परीने तर्क करीत असते. शंभरपर्यंत अंक घडाघडा म्हणणाऱ्या बालकाला संख्येचा बोध झाला आहे, असे समजणे किती धाडसाचे आहे, हे यावरून ध्यानात यावे. तथापि वयाच्या टप्प्यांची भिंत करणेही योग्य नव्हे. मार्गारेट डोनाल्डसन यांनी १९७८ साली दाखवून दिले, की प्रश्न मुलाच्या अनुभवविश्वाला धरून विचारला, तर त्याची समज अपेक्षेहून पुष्कळ पुढची असते. वायगॉट्स्की यांनी तर मोठ्यांशी होणारा संवाद हाच विकासाचा आधार मानला होता. तात्पर्य, मुलाला घाई करू नये. पण त्याला वाऱ्यावरही सोडू नये.

आता आपल्याकडील चित्र पाहावे. ज्या वर्गाच्या नावातच बाग आहे, त्या ‘के.जी.’त आज चार वर्षांचे मूल चौकटीच्या वहीत अक्षरे गिरवीत बसलेले असते. त्याच्या मनगटाची हाडे अजून पुरती घट्ट झालेली नसतात, पेन्सिल धरण्याची बोटांची पकड तयार झालेली नसते. आणि घरी जी भाषा तो बोलतो तिच्याहून वेगळ्या भाषेत त्याला गृहपाठ दिलेला असतो. नाव फ्रोबेलचे आणि व्यवहार कोऱ्या पाटीचा, अशी ही विसंगती आहे.

ही विसंगती महाराष्ट्रात अधिक बोचते, कारण येथे याहून शहाणी परंपरा होऊन गेली आहे. गिजुभाई बधेका यांच्यासह भावनगरला काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीस ग्राम बालशिक्षणाचे कार्य आरंभिले. मॉंटेसोरींची साधने महाग होती. ताराबाईंनी बिया, शिंपले, खडे यांची साधने केली. वस्तीतील मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात नेली. पुढे कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघ यांनी हे काम वारली मुलांमध्ये अनेक वर्षे चालविले. बाहेरून आलेला सिद्धान्त समोरच्या मुलाकडे पाहून बदलावा लागतो, हा त्या कार्याचा धडा आहे. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, तेव्हा तिच्या केंद्रांना ‘अंगणवाडी’ हेच नाव लाभले.

परंतु नाव टिकले आणि आशय झिजला. पोषण आहार, वजने, लसीकरण, नोंदवह्या आणि सर्वेक्षणे यांत सेविकेचा दिवस सरतो. शिकविणे उरल्या वेळात होते. ‘तेथे नुसते खेळतात’ म्हणून मजुरी करणारा बापही पोटाला चिमटा घेऊन मुलाला खाजगी नर्सरीत घालतो. त्याला दोष देणे अन्यायाचे होईल. वहीतील अक्षर त्याला दिसते. खेळातून वाढणारी भाषा आणि जिज्ञासा दिसत नाही. ती त्याला दाखविण्याचे काम आपण कधी केलेच नाही.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षांचा पायाभूत टप्पा मानला, आणि २०२२ च्या आराखड्याने खेळाला व घरच्या भाषेला मध्यवर्ती स्थान दिले. कागदावरील मूल बदलले, हे स्वागतार्ह आहे. वर्गातील मूल मात्र अद्याप जुनेच आहे. ते बदलावयाचे, तर तीन गोष्टी कराव्या लागतील. पहिलीपूर्वी लेखी परीक्षा आणि लिहिण्याचा गृहपाठ सर्व बालशाळांत, खाजगी शाळांतही, बंद झाला पाहिजे. सेविकेच्या दिवसातील किमान दोन तास केवळ मुलांसाठी राखून ठेवले पाहिजेत. आणि पालकांना वर्गात बसवून, मणी ओवताना किंवा गोष्ट सांगताना मूल काय शिकते, ते प्रत्यक्ष दाखविले पाहिजे.

यांपैकी कोणत्याही गोष्टीस फार मोठा खर्च नाही. लागतो तो मोठ्यांचा संयम. मुलाचा विकास आपल्या घाईने होत नाही. आपल्या घाईने त्याची शिकण्याची गोडी मात्र हरपते, आणि ती पुढे कोणत्याही शिकवणीने परत मिळत नाही.