उपनयन म्हणजे जवळ नेणे

आमचे वडील बंधू सांगलीस गावभागात राहतात. घर मोठे, माणसे तेरा, आणि मतेही तेराच. गेल्या श्रावणात त्यांचा निरोप आला, "चार दिवस येऊन जा. सूनबाईने पोरीला शाळेतून काढले आहे." तीन पिढ्या मास्तरकी केलेल्या घरातील मुलीने शाळेत जाऊ नये, हे दादांच्या जिव्हारी लागले होते. आम्हीही अडतीस वर्षे खडू झिजविलेला. तेव्हा सूनबाईस चार शब्द सुनवावयाचे, असा निश्चय करूनच आम्ही साताऱ्याहून एस्‌.टी.त बसलो.

हकीकत अशी होती. मुलगी आठ वर्षांची. दुसरीत असताना सकाळी दप्तर दिसले की तिच्या पोटात कळ येई. डॉक्टरांस काही सापडेना. घरात चिमणीसारखी बडबडणारी ही पोर शाळेत तोंडातून अक्षर काढीत नसे. सहा महिने असे गेल्यावर आईने ठरविले की, यापुढे शिक्षण घरीच. दादा म्हणाले, "जन्मल्यापासून कुशीतून खाली ठेवली नाही, त्याचे हे फळ."

वाचकहो, हा आरोप नवा नाही. अमेरिकेतील वॉटसन नामक मानसशास्त्रज्ञाने १९२८ साली आईबापांसाठी एक पुस्तक लिहिले. मुलांस मांडीवर घेऊ नये, त्यांचे मुके घेऊ नयेत, सकाळी हस्तांदोलन करावे, असा त्यात उपदेश होता. जेथे एक मूल आजीच्या पदराशी आणि दुसरे आत्याच्या कडेवर, त्या आपल्या घरांस हे पटणे शक्यच नव्हते. पुढे इंग्लंडातील जॉन बोल्बी यांनी १९५१ साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहिलेल्या अहवालात, मायेच्या माणसाचा अखंड सहवास ही बालकाची गरजच आहे, असे मांडले. त्यांच्या सहकारी मेरी एन्स्वर्थ यांनी १९५४-५५ मध्ये युगांडातील खेड्यांत २६ कुटुंबांतील लहानग्यांचे निरीक्षण केले. हाकेसरशी आई येईल अशी ज्या बालकास खात्री असते, तेच निःशंकपणे तिच्यापासून दूर रांगत जाते, असे त्यांस दिसून आले. पदर सुटत नाही तो खात्री नसलेल्या मुलाचा. म्हणजे कुशीने पोर बिघडली, हे दादांचे म्हणणे टिकत नाही.

मग आम्ही दोन दिवस नुसते पाहिले. मुलगी आजीबरोबर तांदूळ निवडता निवडता पाढे म्हणे. वर्तमानपत्रात कृष्णेच्या पाण्याची आयर्विन पुलाजवळची पातळी छापून येई, ती रोज वहीत उतरून घेई. ४० फुटांस इशारा, ४५ फुटांस धोका, आणि २०१९ च्या महापुरात पाणी ५७ फुटांवर गेले होते, हे तिला मुखोद्गत. खालच्या सोप्यात त्या पुराची रेघ अजून भिंतीवर आहे. आपल्या डोक्यापासून ती किती बोटे उंच, हे तिने आम्हांस मोजून दाखविले. इतकी जिवंत वजाबाकी आम्ही वर्गात कधी शिकविली नव्हती, हे कबूल केले पाहिजे.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही सहज विचारले, "बाळ, तुझ्या मैत्रिणी कोण गं?" ती बोटे मोडीत म्हणाली, "आजी, आई, काकू आणि मनी." मनी म्हणजे घरातली मांजर. आम्ही गप्प बसलो. सूनबाई दाराशी उभी होती, तीही गप्प बसली.

आपल्याकडे मुंजीत मातृभोजन असते. बटू आईच्या ताटात जेवतो आणि मग गुरूकडे जातो. या संस्काराचे नाव उपनयन. 'उप' म्हणजे जवळ, 'नयन' म्हणजे नेणे. मूल आईपासून दूर जाते त्या दिवसास पूर्वजांनी 'दूर धाडणे' म्हटले नाही, 'जवळ नेणे' म्हटले. आईजवळून निघालेले मूल दुसऱ्या कोणाच्या तरी जवळ पोहोचले पाहिजे, हे त्यातील मर्म होय. मुलींस आपण या संस्कारातून वगळले, तो आपला दोष. मर्म त्यांनाही तितकेच लागू आहे. ही पोर रोज शाळेत जात होती, परंतु तेथे कोणाच्याच जवळ पोहोचली नव्हती.

असे एक मूल आमच्याही वर्गात होते. नोकरीच्या आरंभीची गोष्ट. शेवटच्या बाकावरचा तो मुलगा वर्षभरात एकदाही बोलला नाही. आम्ही प्रगतिपुस्तकावर 'शांत व आज्ञाधारक' असा शेरा लिहून मोकळे झालो. पुढल्या वर्षी त्याने शाळा सोडली. वीस वर्षांनी साताऱ्याच्या स्टँडवर तो भेटला, वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "गुरुजी, तुमचा आवाज ऐकला की माझ्या जिभेला कुलूप लागायचे." त्याच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणूनच ते अधिक लागले. त्या रात्री सांगलीस पंक्तीत बसलो असता आम्ही ही गोष्ट सर्वांस सांगितली. सूनबाईस सुनवावयाचे शब्द आमच्यापाशी उरले नव्हते.

तर मग शाळाच नको काय? असेही नव्हे. साताऱ्यास राजवाड्यातील शाळेच्या पटावर ७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवा रामजी आंबेडकर हे नाव १९१४ या क्रमांकाने दाखल झाले. त्या मुलास वर्गात वेगळे बसविले जाई, पाण्याच्या भांड्यास शिवण्याची मुभा नव्हती. वडील सुभेदार रामजी स्वतः लष्करी शाळेचे मुख्याध्यापक होते आणि घरी मुलांचा अभ्यास कसोशीने घेत. 'घरीच शिकवू' असे म्हणण्यास त्यांस कारण थोडे नव्हते. त्यांनी घरीही शिकविले आणि शाळेतही धाडले. ज्यांच्यापुढे ते दार पिढ्यान्‌पिढ्या बंद होते, त्यांस त्याची किंमत ठाऊक होती. आपल्या घरी पुस्तके आहेत आणि शिकवावयास माणसे आहेत, म्हणून आपणांस शाळा नको म्हणण्याची चैन परवडते, हे विसरून चालणार नाही.

कायद्याचेही पाहावे. २००९ चा शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. सहा ते चौदा वर्षांच्या मुलास शाळेत दाखल करणे हे पालकाचे कर्तव्य म्हणून त्यात सांगितले आहे; न केल्यास पालकास दंड मात्र सांगितलेला नाही. वयाची चौदा वर्षे पूर्ण झाल्यावर राष्ट्रीय मुक्त विद्यालयाकडून दहावीची परीक्षा देता येते. मुंबईची एक मुलगी सातवीनंतर घरीच शिकली, संगणकशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमध्ये तीन पदके मिळवून २०१६ साली अमेरिकेतील एम्‌.आय्‌.टी.त दाखल झाली. वाट अगदीच बंद आहे असे नाही. पण ती सर्वांची वाटही नव्हे.

निघताना दादांनी आमचा निवाडा विचारला. आम्ही म्हणालो, "दादा, कुशीस दोष देऊ नका. आणि सूनबाई, तूही एक प्रश्न स्वतःस विचार: भीती पोरीची आहे की तुझी? पोरीची असेल तर धीराने घे, तुझी असेल तर पोरीस तिचे ओझे देऊ नकोस. रोज तास-दोन तास समवयस्क मुलांत तिचे जाणे झालेच पाहिजे. आणि जिच्या जवळ ती पोहोचेल अशी एखादी बाई शोधा, मग ती शाळा केवढीही लहान असो." सूनबाई म्हणाली, "काका, पहिले काही दिवस मी शाळेच्या ओट्यावर बसून राहीन. बसू देतील का?" आम्ही म्हणालो, "जी बाई बसू देईल, तीच निवड."

दिवाळीनंतर तशी एक बाई मिळाली. आई पहिला आठवडा वर्गाच्या दाराशी बसली, दुसरा फाटकाशी, तिसरा रस्त्यापलीकडे. मग घरी परतू लागली. पोटातली कळ अजून अधूनमधून येते. तेव्हा मुलगी घरी राहते आणि दादा आता बोलत नाहीत. पुढे काय होईल हे सांगण्यास आम्ही ज्योतिषी नव्हे. परवा तिचे पत्र आले. त्यात कृष्णेची पातळी होती आणि खाली मैत्रिणींची यादी. मनीचे नाव पहिले होते. परंतु तिच्याखाली आणखी दोन नावे होती, आणि ती दोन्ही नावे आमच्या घरातली नव्हती.