एच.पी.तला घोडा



'साहेब, शेजाऱ्याची पाच एच.पी.ची मोटर भरपूर पाणी ओढते, तेवढीच घेऊ ना?' असे मला नेहमी विचारतात. त्याआधी हा एच.पी. आला कुठून ते पाहा. पूर्ण शब्द हॉर्सपॉवर. हॉर्स म्हणजे घोडा, पॉवर म्हणजे शक्ती, आपली अश्वशक्ती.

इंग्लंडात खाणीत साचलेले पाणी घोडे जुंपून उपसत. आपली मोटच म्हणा ना! १७०२ साली टॉमस सेव्हरीने आपल्या वाफेच्या यंत्राची तुलना या घोड्यांशी केली. पुढे १७८० च्या दशकात जेम्स वॅटने हिशेब पक्का केला: मिनिटाला ३३,००० पौंड वजन एक फूट उचलणे म्हणजे एक हॉर्सपॉवर. आपल्या मापात, सेकंदाला सुमारे ७६ किलो एक मीटर वर. माप सढळच धरले. साधा घोडा दिवसभर एवढे ओढत नाही.

म्हणजे यात वजनाबरोबर उंचीही आली. पाच एच.पी. म्हणजे सेकंदाला ३८० लिटर पाणी एक मीटर वर. वीस मीटर चढवायचे तर १९ लिटर, चाळीस मीटर तर साडेनऊ. तेही कागदावर, पंपात, पाइपात घट होऊन हाती निम्म्याच्या आसपास येते. शेजाऱ्याची विहीर उथळ असेल! उन्हाळ्यातल्या पाण्यापासून पाइपाच्या तोंडापर्यंतची उंची दोरीने मोजा, दुकानदाराला आधी ती सांगा, मग एच.पी. ठरवा. पाटीवर ३.७ किलोवॅट दिसले तर गोंधळू नका, ते पाच एच.पी.च.