अर्थ कोणी लावायचा?

दर शनिवारी रात्री आमच्या खोलीवर एक खेळ चालतो. त्यात पट नाही, सोंगट्या नाहीत, पत्तेही नाहीत. पाच-सहा जण गोल करून बसतात. कोणी योद्धा होतो, कोणी मांत्रिक, कोणी चोर. एकजण सूत्रधार. समोर काय घडते आहे ते सूत्रधाराने सांगायचे, आपण काय करतो ते इतरांनी सांगायचे, आणि जमले की फसले ते वीस पैलूंच्या फाशाने ठरवायचे. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हे या खेळाचे नाव. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी तो १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध केला. आमच्यातले निम्मे मराठी बोलणारे, निम्मे कन्नड. नियमांचे पुस्तक मात्र इंग्रजी. दोन वर्षे सूत्रधार मीच आहे, आणि गेल्या दिवाळीच्या सुमारास माझ्यामुळेच एक चांगला मित्र खेळ सोडून गेला. ही त्याची कबुली.

त्याचा मांत्रिक आणि शत्रूचा मांत्रिक समोरासमोर आले होते. शत्रू अदृश्य, मारा केला तरी न संपणारी ती अदृश्यता. मित्राने अदृश्य ते दिसावे असा मंत्र वापरला आणि हर्षाने म्हणाला, “आता सापडला!” मी पुस्तक उघडले. २०१४ च्या आवृत्तीत अदृश्यतेखाली दोन वेगळी कलमे आहेत. पहिले, असा प्राणी जादूच्या मदतीशिवाय दिसत नाही. दुसरे, त्याच्यावर मारा करणाऱ्याने दोन फासे टाकून लहान आकडा घ्यावा, आणि तो स्वतः मारा करील तेव्हा त्याने मोठा घ्यावा. मंत्राने पहिले कलम निकामी झाले. दुसरेही होते असे कुठेच लिहिलेले नव्हते. मी त्या ओळीवर बोट ठेवले.

“हंगल्लपा! दिसतो तर अदृश्य कसला?” तो म्हणाला.

“पुस्तकात काय आहे ते बघ,” मी म्हणालो.

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला हिशेब चुकत नाही. अकरा किंवा त्याहून मोठा आकडा हवा असेल तर एका फाशाने १०० पैकी ५० वेळा तो पडतो. दोहोंतला लहान घ्यायचा तर २५ वेळा, मोठा घ्यायचा तर ७५ वेळा. म्हणजे माझ्या एका बोटाने मित्राची शक्यता निम्मी झाली आणि शत्रूची दीडपट. मांत्रिक मेला. दीड वर्ष जपलेले पात्र होते ते. पुढच्या शनिवारी मित्र आला नाही.

मी चुकलो होतो का? अक्षरार्थाने नाही. खुद्द नियमकर्त्यांकडूनही त्या वेळच्या शब्दांचा असाच अर्थ सांगितला गेला होता. पण पुढे २०२४ ची आवृत्ती वाचायला मिळाली, आणि त्यात स्पष्ट लिहिले आहे की, ज्याला तुम्ही दिसता त्याच्यापुढे अदृश्यतेचा हा फायदा मिळत नाही. मित्र जे म्हणत होता तेच! कर्त्यांनाच शब्द बदलावा लागला.

हा वाद या खेळाहूनही जुना आहे. १८२४ साली प्रशियाच्या सैन्यातील राइसविट्झ नावाच्या अधिकाऱ्याने नकाशावर खेळायचा युद्धखेळ रचला. त्यात फासे होते, तक्ते होते आणि निर्णय देणारा पंचही होता. नियमांच्या जंजाळाने लोक कंटाळले, तेव्हा १८७६ मध्ये व्हेर्डी द्यु व्हेर्नुआ या सेनानीने बहुतेक तक्ते बाजूला सारून निर्णय अनुभवी पंचावर सोपवावा असे सुचवले. एकीकडे अक्षराचा जाच, दुसरीकडे पंचाची मर्जी. मधली वाट कोणती?

ती मला कायद्याच्या तासाला सापडली. इंग्लंडमध्ये १५८४ साली हेडनच्या खटल्यात न्यायाधीशांनी सांगितले की, कायदा कोणता दोष दूर करण्यासाठी झाला ते आधी पाहावे. शत्रू दिसत नाही म्हणून नेम चुकतो, एवढ्यासाठीच दोन फाशांचा नियम आहे. तो दिसू लागला की नियमाचे कारणच उरत नाही. करारांच्या बाबतीत आणखी एक तत्त्व आहे: शब्द संदिग्ध असेल तर ज्याने मसुदा लिहिला त्याच्या विरुद्ध अर्थ घ्यावा. खेळाचा मसुदा मी लिहिलेला नाही हे खरे, पण पुस्तक माझ्या हातात असते आणि राक्षसही माझेच असतात.

आणि खरे सांगायचे तर त्या रात्री मी नियमाच्या जोरावर जिंकलो नाही. इंग्रजी भराभर वाचता येते म्हणून जिंकलो. मित्र कन्नड माध्यमातून आलेला, मी मराठी. पहिल्या वर्षी इंग्रजी पाठ्यपुस्तकासमोर मीही तोंड मिटून बसत असे. तो अपमान मी इतक्या लवकर विसरावा याची मला लाज वाटते.

कोणी म्हणेल, असे प्रत्येकाचे ऐकत बसलो तर खेळ कसला? म्हणणे रास्त आहे. म्हणून निर्णय ताबडतोब द्यावा, पण कारण सांगून द्यावा. शंका असेल तर पुस्तक ज्याच्या हाती नाही त्याच्या बाजूने द्यावा. आणि तो वहीत लिहून ठेवावा, म्हणजे उद्या माझ्या राक्षसालाही तोच लागू होईल. तसे केले नाही तर ती दया होईल, न्याय नव्हे.

परीक्षेनंतर मी मित्राच्या खोलीवर गेलो आणि नवी आवृत्ती त्याच्यापुढे ठेवली. तो हसला, “ओळ बदलली म्हणून आलास?” याला माझ्याकडे उत्तर नव्हते. तो पुन्हा खेळायला येतो; निर्णयांची वही आता त्याच्याकडे असते, अर्ध्या नोंदी कन्नडमध्ये.

‘नियम’, ‘न्याय’, ‘अर्थ’ हे शब्द आमच्या दोन्ही भाषांत आहेत. मराठीत आपण अर्थ ‘लावतो’. कन्नडमध्ये समजले की म्हणतात, ‘अर्थ आयितु’, अर्थ झाला. लावणारा एकटा असला तरी चालते. पण तो समोरच्यालाही व्हावा लागतो. एवढे कळायला मला एक मित्र गमवावा लागणार होता, थोडक्यात वाचलो.

— बी. कॉम., चौथे सत्र