देवाची उंची आणि माणसाची किंमत

धुळे जिल्ह्यातील गोंदूर गावच्या एका सुताराचा मुलगा मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकतो, १९५४ ते १९५८ या काळात अजिंठा-वेरूळच्या भंगलेल्या शिल्पांची डागडुजी करतो आणि पुढे दिल्लीत जाऊन देशाचा अग्रगण्य शिल्पकार होतो, ही गोष्ट महाराष्ट्राला अभिमान वाटावी अशीच आहे. राम वनजी सुतार डिसेंबर २०२५ मध्ये शंभरी ओलांडून निवर्तले. त्यांच्या हातातील कसबाविषयी कोणी शंका घेणार नाही. शंका घ्यावयाची ती त्या कसबाच्या गिऱ्हाइकांविषयी. कारण सुतारांच्या कारकिर्दीचा आलेख हा एका कलावंताचा आलेख नाही. तो या देशाच्या राज्यकर्त्यांनी कोणत्या गोष्टीला मोल दिले, याचा हिशेब आहे.

सुतारांना कीर्ती मिळाली ती गांधीसागर धरणावरील ४५ फुटी चंबळदेवीमुळे. नदीला आई मानून तिच्या अंगाशी मध्य प्रदेश आणि राजस्थान ही दोन लेकरे त्यांनी दाखविली. देवीचे रूप घेतले, पण आशय धरणाचा, पाण्याच्या वाटपाचा आणि दोन राज्यांच्या बंधुभावाचा होता. हे शिल्प पाहून भाक्रा धरणावर राबलेल्या मजुरांचे ५० फुटी कांस्यशिल्प करावे, अशी कल्पना पंडित नेहरूंनी पुढे आणली. ते शिल्प कधीच उभे राहिले नाही. कारण सांगण्यात आले ते पैशाच्या टंचाईचे.

आता पुढचा हिशेब पाहावा. ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी केवडिया येथे सरदार पटेलांच्या १८२ मीटर उंच पुतळ्याचे अनावरण झाले. त्याचा नमुना सुतारांचा, खर्च सुमारे तीन हजार कोटी रुपये, आणि अंगावरचे कांस्यपत्रे ओतून आले चीनमधून. पाच सरकारी तेल कंपन्यांनी या कामी सामाजिक दायित्वाच्या निधीतून १४६ कोटी ८३ लाख रुपये दिले. हा खर्च त्या निधीच्या नियमांत बसत नाही, असा आक्षेप खुद्द महालेखापरीक्षकांनी घेतला. १९६१-६२ मध्ये धरणाच्या वसाहतीसाठी म्हणून ज्या आदिवासींच्या जमिनी घेतल्या, त्यांच्या परिसरात पर्यटननगरी वसली. मजुराच्या पुतळ्याला ज्या देशात पैसा नव्हता, त्या देशात शेतकऱ्यांचा लढा लढलेल्या पटेलांना आदिवासींच्या उरावर उभे करण्यास मात्र तो मिळाला.

पुढाऱ्यांच्या पुतळ्यांनी वाट मोकळी केली आणि त्या वाटेने देव आले. नोव्हेंबर २०१८ मध्येच उत्तर प्रदेश सरकारने अयोध्येत २२१ मीटर उंचीच्या राममूर्तीची घोषणा केली. कुरुक्षेत्रावर सुतारांचाच कृष्णार्जुनांचा भव्य रथ उभा आहे. गोव्यात काणकोणच्या पर्तगाळी मठात त्यांनी घडविलेल्या ७७ फुटी कांस्यरामाचे अनावरण २८ नोव्हेंबर २०२५ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते झाले. मठाने आपल्या आवारात मूर्ती उभारावी, हा त्याचा अधिकार. परंतु सर्वधर्मीय प्रजेच्या शासनाचा प्रमुख तेथे यजमानाच्या थाटात उभा राहतो, तेव्हा ती मूर्ती भाविकांची उरत नाही. ती सत्तेची निशाणी होते.

यावर ठरलेले उत्तर येते: ही लोकांची श्रद्धा आहे, समाजवाद्यांना लोकांच्या श्रद्धेचे वावडे आहे. हे उत्तर खोटे आहे. पंढरीचा विठोबा पुरुषभर उंचीचाही नाही. पण त्याच्यासाठी लाखो कष्टकरी आषाढीला पायी चालतात. श्रद्धेला उंचीची गरज कधीच पडली नाही. उंचीची गरज पडते ती राज्यकर्त्याला, कारण त्याला दुरून दिसायचे असते. आणि श्रद्धेचा खरा प्रश्न समाजवाद्यांनी ओळखला होता म्हणूनच १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपूरचे मंदिर दलितांना खुले व्हावे यासाठी प्राण पणाला लावले. याच नाशिक जिल्ह्यात २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. देव किती फूट उंच आहे, असा प्रश्न त्या सत्याग्रहींनी विचारला नव्हता. दार कोणाला बंद आहे, असे त्यांनी विचारले होते.

आणि मनमाडने तर त्यापुढचे पाऊल टाकले आहे. १२ व १३ फेब्रुवारी १९३८ रोजी जी. आय. पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद मनमाडला भरली. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या जंक्शनच्या गावात सांगितले. ब्राह्मणशाही म्हणजे ब्राह्मण जात नव्हे, तर स्वातंत्र्य, समता आणि बंधुता यांचा नकार, हेही त्यांनी तेव्हाच स्पष्ट केले. आजचा गगनचुंबी पुतळा हे त्या दोन शत्रूंच्या हातमिळवणीचे ठिकाण आहे. ठेका भांडवलदाराचा, मंत्रघोष पुरोहिताचा, फीत सत्ताधाऱ्याची आणि तिजोरी जनतेची!

ज्या मनमाडच्या कारखान्यात रेल्वेच्या पुलांचे सांगाडे घडले, त्या गावाने वागदर्डी धरण आटले की पंधरा-पंधरा, वीस-वीस दिवस नळाच्या पाण्याची वाट पाहिली आहे. पूल बांधणाऱ्या कामगाराची बायको हंडे घेऊन टँकरमागे धावली, ती गावात देव कमी होते म्हणून नव्हे. तिची गरज राज्यकर्त्यांच्या हिशेबात कधी पहिली आली नाही म्हणून.

दोष शिल्पकाराचा नाही. जो हात चंबळेच्या कुशीत दोन लेकरे देऊ शकला, तो भाक्र्याचा मजूरही अमर करू शकला असता. त्याला ते काम कोणी दिले नाही. कार्यकर्त्यांनी म्हणून कलेशी किंवा भाविकांशी भांडण उकरू नये. सार्वजनिक पैशातून पुतळ्याचा ठराव जेथे जेथे येईल, मग ती नगरपालिका असो की विधानसभा, तेथे चार प्रश्न विचारावेत: पैसा कोणाचा, जमीन कोणाची, निर्णय कोणी घेतला आणि त्या पैशातून कोणते काम मागे पडले? या चार प्रश्नांची उत्तरे भर सभेत द्यावी लागली, तर अनेक पुतळे नकाशावरच थांबतील आणि अनेक नळांना पाणी येईल.