संगणकवाल्याला काम सांगण्याआधी

गावच्या दूध संस्थेसाठी सॉफ्टवेअर करून घ्यायचं ठरलं असेल, तर पहिल्याच बैठकीत स्क्रीन कशी दिसेल हे विचारत बसू नका. रंग आणि बटणं नंतरही बदलता येतात. पण कामाची समजच चुकली, तर उत्पादकाचं बिल चुकतं.

कुणी संगणकवाला तुमच्याकडे आधी वह्या मागेल. त्यांतल्या सभासद, दूध, दर यांच्या नोंदी काढून त्यांची एकमेकांशी सांगड घालेल. पीटर चेन यांनी १९७६ मध्ये मांडलेली ही रीत चांगली आहे. नुसती सभासदांची यादी ठेवायची असेल, तर तेवढी पुरे. पण वहीत शेवटचा आकडा दिसतो. तो कसा आला, ते दिसत नाही.

म्हणून माझं सांगणं, जे घडतं तिथून सुरू करा. इटलीच्या अल्बर्टो ब्रँडोलिनी यांची ही पद्धत. तिला चिठ्ठ्या, पेन आणि मोकळी भिंत एवढंच लागतं.

सचिव, माप घेणारा मुलगा आणि दोन जुने उत्पादक एकत्र बसवा. एका चिठ्ठीवर एकच गोष्ट लिहा, घडून गेली अशी. दूध आलं. माप झालं. फॅट, एसएनएफ लागलं. दर ठरला. पावती दिली. क्रमाने भिंतीवर लावा.

मग प्रत्येक चिठ्ठीपाशी थांबून विचारा, असं झालं नाही तर?

वीज गेली आणि फॅटचं मशीन बंद पडलं. मग दर कालच्या फॅटवर लावायचा का? दूध नासकं निघालं, तर नोंद करायची की नाही? दहा दिवसांच्या बिलातून पशुखाद्याची उचल कापायची आहे, पण गाय आटल्यामुळे बिलच उचलीपेक्षा कमी आलं. बाकी पुढच्या बिलात न्यायची, की घरात खर्चाला काही सोडायचं? इथे सचिव एक सांगेल, उत्पादक दुसरं. बोलू द्या त्यांना. हा वाद आज भिंतीसमोर मिटला नाही, तर संगणकवाला त्याच्या मनाने काहीतरी ठरवून टाकेल आणि भुर्दंड एखाद्या घराला बसेल. ठरलं ते लिहून सह्या घ्या.

पहिल्यांदा दूध येण्यापासून पावतीपर्यंतचंच काम करून घ्या. मग बिल. एक पूर्ण बिल निघेपर्यंत जुनी वही सोबत लिहा. दोन्हीकडची रक्कम पैशापर्यंत जुळल्याशिवाय संगणकवाल्याला शेवटचा हप्ता देऊ नका.