संगणकातला पदार्थ आणि भट्टीतला पदार्थ

चीनने ४ फेब्रुवारी २०२५ रोजी टंगस्टन, टेल्युरियम, बिस्मथ, मॉलिब्डेनम आणि इंडियम या पाच मूलद्रव्यांच्या निर्यातीवर नियंत्रणे जाहीर केली, तेव्हा बहुतेकांनी त्याकडे अमेरिका-चीन व्यापारयुद्धातील आणखी एक चाल एवढ्याच दृष्टीने पाहिले. या यादीतील दोन नावे मात्र एकत्र वाचावयास हवी होती. बिस्मथ आणि टेल्युरियम यांच्या संयोगाने बिस्मथ टेल्युराइड हे संयुग होते. उष्णतेपासून थेट वीज करणारा, किंवा उलट विजेच्या जोरावर थंडावा निर्माण करणारा पदार्थ म्हणून नेहमीच्या तापमानाला व्यापारी उपयोगात आहे तो गेली सुमारे सत्तर वर्षे मुख्यतः हाच. इंग्लंडमध्ये ज्युलियन गोल्डस्मिड यांनी १९५४ साली त्याचे गुण दाखवून दिले. प्रकाशतंतूंमधून चालणाऱ्या दूरसंचारातील लेसरांचे तापमान स्थिर राखणाऱ्या चिमुकल्या चकत्या त्याच्याच असतात. टेल्युरियम तर स्वतंत्र खाणीतून फारसे निघतही नाही. तांब्याच्या शुद्धीकरणात जो गाळ उरतो त्यातून ते मिळते. त्यामुळे भाव चढला म्हणून उत्पादन वाढेल, हा बाजाराचा साधा नियमही येथे नीट लागू पडत नाही.

याला पर्याय शोधला पाहिजे, हे उघड आहे. तो शोध आता मोठ्या प्रमाणावर संगणकाच्या साहाय्याने चालतो. आपल्या विद्यापीठांतील आणि संशोधनसंस्थांतील तरुण मंडळीही त्यात उत्साहाने उतरली आहेत. हा उत्साह स्वागतार्ह आहेच. परंतु त्याची दिशा तपासून पाहण्याची वेळ आली आहे.

प्रथम मूळ गोष्ट. येथे ज्या ऊष्माविद्युत पदार्थांविषयी बोलावयाचे आहे त्यांचा कोराडी किंवा चंद्रपूर येथील औष्णिक वीजकेंद्रांशी संबंध नाही. तेथे कोळसा जाळून वाफ करतात आणि वाफेने चक्र फिरवतात. येथे फिरणारे काहीच नाही. बर्लिनमध्ये टॉमस झेबेक यांनी १८२१ साली असे पाहिले की, दोन भिन्न धातूंच्या जोडणीचे एक टोक तापविले तर जवळची चुंबकसूची हलते. सूची हलते ती विद्युतप्रवाहामुळे, हे पुढे स्पष्ट झाले. १८३४ साली पॅरिसमध्ये झां पेल्तिए यांनी याची उलट बाजू दाखविली : प्रवाह सोडला की एक सांधा थंड होतो. १९७७ साली निघालेली व्हॉयेजर याने चार दशकांहून अधिक काळ पृथ्वीशी बोलत राहिली ती याच तत्त्वावर. सूर्यप्रकाश जेथे जवळजवळ पोहोचत नाही तेथे प्लुटोनियमची उष्णता आणि सिलिकॉन-जर्मेनियमच्या कांड्या यांनी वीज पुरविली; उड्डाणाच्या वेळी ती सुमारे ४७० वॅट होती. हलणारा भाग नसल्याने बिघडण्याजोगेही फारसे काही नव्हते.

मग मोटारींच्या धुराड्यांतून आणि कारखान्यांच्या भट्ट्यांतून वाया जाणाऱ्या उष्णतेपासून वीज का होत नाही? कारण पदार्थाकडून आपण परस्परविरोधी अपेक्षा करतो. त्याने वीज धातूसारखी वाहू द्यावी, पण उष्णता काचेसारखी अडवावी. शिवाय दोन टोकांच्या तापमानांतील फरकाच्या मानाने विद्युतदाबही भरपूर द्यावा. निसर्गात हे गुण सहसा एकत्र नांदत नाहीत. इलेक्ट्रॉनांची संख्या वाढविली की वीज चांगली वाहते, पण दाब घसरतो आणि उष्णताही अधिक वाहू लागते. या साऱ्या गुणांचा हिशेब ज्या एका आकड्यात मांडतात त्याला ‘झेड-टी’ म्हणतात. तो बिस्मथ टेल्युराइडच्या बाबतीत १ च्या आसपास आहे. एक टोक २२७ अंश सेल्सिअसला व दुसरे २७ अंशांना ठेवले, तर झेड-टी १ असलेला पदार्थ उष्णतेचा फार तर ८ टक्के भाग विजेत बदलू शकतो. झेड-टी २ झाला तर हे प्रमाण साडेबारा टक्क्यांच्या घरात जाते, ३ झाला तर पंधरा टक्क्यांच्या. प्रत्यक्ष उपकरणात, सांध्यांतील नुकसान धरता, हाती येते ते याहूनही कमी. म्हणजे आकडा तिप्पट झाला तरी लाभ दुपटीहून कमीच. हे हिशेब ध्यानात ठेवले म्हणजे वर्तमानपत्रांतून अधूनमधून झळकणाऱ्या ‘क्रांतिकारक’ शोधांच्या बातम्या अधिक शांतपणे वाचता येतात.

संगणकाचा प्रवेश येथे होतो. पीअर होहेनबर्ग व वॉल्टर कोन यांनी १९६४ साली, आणि कोन व लू शॅम यांनी १९६५ साली असे दाखविले की, पदार्थातील असंख्य इलेक्ट्रॉनांचा स्वतंत्र माग न काढता, त्यांची घनता जागोजागी किती आहे एवढ्यावरून पदार्थाची ऊर्जा काढता येते. पुंजयामिकीचे अशक्यप्राय गणित त्यामुळे आटोक्यात आले. कोन यांना त्यासाठी १९९८ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. स्फटिकातील अणूंची मांडणी सांगितली की इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जापातळ्या संगणक काढून देतो. त्यावरून विद्युतदाब व संवाहकता यांचा अंदाज बांधता येतो. २००६ साली मॅडसेन व सिंग यांनी या दुसऱ्या टप्प्यासाठी एक आज्ञावली तयार करून सर्वांना खुली केली, आणि जगभरच्या विद्यार्थ्यांच्या हाती एक सोयीचे हत्यार आले. २०१७ मध्ये अशा रीतीने काढलेल्या सुमारे ४८,००० संयुगांच्या गुणधर्मांचे कोष्टकच प्रसिद्ध झाले. भट्टी पेटवून इतकी संयुगे तपासावयाची तर कित्येक पिढ्या लागल्या असत्या.

परंतु याच मॅडसेन यांच्या २००६ च्या दुसऱ्या एका निबंधाची कथा आपल्या विद्यार्थ्यांनी अवश्य वाचावी. डेन्मार्कमधील ऑऱ्हुस येथे त्यांनी अँटिमनी असलेली शेकडो ज्ञात संयुगे संगणकातून चाळली आणि लिथियम, जस्त व अँटिमनी यांचे एक संयुग निवडले. ऋण जातीचे, म्हणजे ज्यात इलेक्ट्रॉन वीज वाहून नेतात असे ते करता आले, तर सुमारे ३२५ अंश सेल्सिअसला त्याचा झेड-टी २ च्या आसपास जाईल, असा अंदाज होता. संयुग ज्ञात होते, त्यात दुर्मिळ टेल्युरियम नव्हते, आणि गणित स्वच्छ होते. तीन वर्षांनी कॅलिफोर्नियातील संशोधकांनी ते प्रत्यक्षात बनविले. हाती आलेले नमुने धन जातीचे निघाले. २५० अंशांना मोजलेला झेड-टी भरला ०.०२ ते ०.०८.

गणित चुकले होते काय? नाही, निदान त्या अर्थाने नाही. गणिताने निर्दोष स्फटिकाचा विचार केला होता, आणि ‘ऋण जातीचे करता आले तर’ ही अट स्पष्टपणे घातली होती. भट्टीत मात्र स्फटिक निर्दोष होत नाही. कुठे एखादा अणू जागेवर नसतो, कुठे दुसऱ्याच्या जागी बसलेला असतो, आणि पदार्थात इलेक्ट्रॉन अधिक राहतील की उणे हे पुष्कळदा असे दोषच ठरवितात. त्यात आणखी एक मेख आहे. इलेक्ट्रॉन एका धडकेपासून दुसऱ्या धडकेपर्यंत किती वेळ मोकळा धावतो, हे काढणे फार जिकिरीचे असल्याने बहुसंख्य निबंधांत तो वेळ सरसकट गृहीत धरला जातो. बहुधा एका सेकंदाचा शंभर लाख कोटीवा भाग. तो दुप्पट धरला की संवाहकता दुप्पट होते आणि झेड-टीही फुगतो. उष्णता वाहण्याचा हिशेब तर याहून किचकट, कारण त्यासाठी अणूंची स्पंदने एकमेकांत कशी मिसळतात हे काढावे लागते. तेव्हा उष्णता-संवाहकतेसाठीही कुठला तरी सोयीचा आकडा उचलला जातो. दोन गृहीतांच्या भागाकारातून आलेला झेड-टी मग दशांशचिन्हानंतर दोन स्थळांपर्यंत छापला जातो!

याचा अर्थ संगणक कुचकामी असा कोणी काढू नये. मॅग्नेशियम व अँटिमनी यांच्या संयुगाचे उदाहरण घ्या. ते अनेक वर्षे केवळ धन जातीचेच होते असे समजले जाई आणि म्हणून फारसे उपयोगाचे मानले जात नसे. २०१६ साली जपानमधील पॅनासॉनिकच्या संशोधकांनी ठरलेल्या प्रमाणापेक्षा अधिक मॅग्नेशियम घालून ते ऋण जातीचे करून दाखविले. झेड-टी सुमारे ४४० अंशांना १.५ पर्यंत गेला. मॅग्नेशियमच्या रिकाम्या राहिलेल्या जागा इलेक्ट्रॉन गिळून टाकतात आणि जादा मॅग्नेशियमने त्या जागा भरून निघतात, हे त्यांनी प्रयोगाबरोबरच संगणकावर दोषांची ऊर्जा काढून मांडले. भट्टीत मॅग्नेशियमची वाफ होऊन जाते हे कोणाही रसायनज्ञाला ठाऊक होते. त्या ठाऊक गोष्टीचे मोल किती, हे गणिताने समोर आणले. (त्यांच्या नमुन्यात थोडा बिस्मथ आणि चिमूटभर टेल्युरियम होतेच, चीनच्या यादीतून इतक्या सहजासहजी सुटका नाही.) लिथियमच्या संयुगाच्या बाबतीत जो प्रश्न आधी विचारला गेला नव्हता तोच येथे विचारला गेला होता.

दुसऱ्या बाजूने, प्रयोगही आपोआप प्रमाण होत नाही. अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात २०१४ साली टिन सेलेनाइडच्या एकसंध स्फटिकाचा झेड-टी ६५० अंशांना २.६ मोजला गेला, तेव्हा साऱ्या क्षेत्रात खळबळ उडाली. तसा स्फटिक ठिसूळ, म्हणून इतरांनी तेच संयुग पूड दाबून घट्ट करून पाहिले. पुष्कळांच्या हाती निराशा आली आणि मूळ मोजमापावरच शंका घेतल्या गेल्या. २०२१ मध्ये असे दिसून आले की, पुडीच्या कणांवर कथिलाच्या ऑक्साइडचा सूक्ष्म पापुद्रा चढतो आणि उष्णता त्यातून निसटते. तो पापुद्रा काढून टाकल्यावर पुडीपासून केलेल्या नमुन्याचा झेड-टी ५१० अंशांना ३.१ पर्यंत पोहोचला. सात वर्षांचा वाद एका पापुद्र्यावर चालला होता. असला पापुद्रा, कोणी मुद्दाम सांगितल्याशिवाय, संगणकाच्या स्फटिकात कधीच नसतो.

आपल्या देशाविषयी बोलावयाचे तर दोन्ही बाजू सांगितल्या पाहिजेत. बंगळूरच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रात कनिष्क बिस्वास यांच्या गटाने चांदी, अँटिमनी व टेल्युरियम यांच्या संयुगात थोडे कॅडमियम मिसळून ३०० अंशांना २.६ हा झेड-टी मिळविला. ते काम २०२१ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आले. कॅडमियममुळे चांदी व अँटिमनी यांचे अणू अधिक शिस्तीने बसतात, हा त्यातील कळीचा मुद्दा. निबंधाच्या लेखकांत त्याच संस्थेतील सैद्धांतिक पदार्थवैज्ञानिक उमेश वाघमारे यांचेही नाव आहे. गणित करणारा आणि भट्टी पाहणारा एकाच आवारात असले, रोज भेटू शकले, की काय घडते याचे दुसरे उदाहरण शोधण्याची गरज नाही.

सर्वत्र अशी स्थिती नाही. एखाद्या जिल्ह्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयात पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकाकडे एक बरा संगणक असतो. आज्ञावली फुकट मिळते. नमुना बनविण्याची निर्वात भट्टी, उच्च तापमानाला उष्णता-संवाहकता मोजण्याचे यंत्र, ते चालविणारा कसबी माणूस यांपैकी काहीही नसते. अशा परिस्थितीत विद्यार्थी ज्ञात-अज्ञात संयुगांचे झेड-टी काढून निबंध प्रसिद्ध करतो, तर त्याला दोष देणे अन्यायाचे होईल. दोष व्यवस्थेचा आहे. नेमणुका आणि बढत्या निबंधांच्या संख्येवर होतात. संगणकावरील निबंध सहा महिन्यांत होतो. संयुग करून मोजण्यास तीन वर्षे लागू शकतात आणि शेवटी ०.०५ हा आकडा निघाला तर तो छापण्यास नियतकालिके फारशी राजी नसतात. कॅलिफोर्नियातील गटाने आपले अपयश प्रसिद्ध केले म्हणूनच आज लिथियमच्या संयुगाविषयी आपल्याला काही ठामपणे सांगता येते. आता तर यांत्रिक शिक्षणाची पद्धती आल्याने जुन्या निबंधांतील आकड्यांवरच नवे अंदाज बांधले जातात. ज्या भांडारात फक्त यशाचेच आकडे साठले आहेत त्यावर शिकलेले यंत्र आशावादी होणार यात नवल नाही.

राष्ट्रीय महासंगणक मोहीम २०१५ साली सुरू झाली आणि तिच्यातून देशात बरीच मोठी यंत्रे उभी राहिली. पुण्यात सी-डॅकने ‘परम ८०००’ घडविला १९९१ मध्ये. त्याच परंपरेतील ‘परम ब्रह्म’ २०१९ साली पुण्याच्याच ‘आयसर’ या संस्थेत बसविला गेला. अशा यंत्रांवर वेळ मागणाऱ्या अर्जात ऊष्माविद्युत पदार्थांचा विषय असेल, तर छाननी करणाऱ्यांनी तीन गोष्टी विचाराव्यात : दोषांची ऊर्जा काढणार काय, धडकांमधील वेळ मोजणार की गृहीत धरणार, आणि हे संयुग करून पाहण्यास कोण तयार आहे. तिसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल तर अर्ज फेटाळू नये. अनुदान देणाऱ्याने स्वतःच अर्जदाराची गाठ भट्टी असलेल्या संस्थेशी घालून द्यावी. पुण्यात हे करण्यास प्रवासभत्ताही लागणार नाही. ‘आयसर’च्या शेजारीच, पाषाण रस्त्यावर, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे. जिल्ह्याच्या महाविद्यालयातील विद्यार्थ्याला मात्र लागेल, आणि नमुन्याचे मोजमाप होईपर्यंत महिनाभर पुण्यात किंवा मुंबईत राहण्याचा खर्चही. संगणकांवर झालेल्या खर्चाच्या मानाने ही रक्कम नगण्य आहे. पण तिची तरतूद अनुदानाच्या कोष्टकात स्वतंत्र ओळ म्हणून व्हावी लागेल.