गाण्याची उचल

कार्तिकी पौर्णिमेला बीड जिल्ह्यातील कपिलधार येथे मराठवाड्यातून, कर्नाटकातून आणि तेलंगणातून दिंड्या येतात. ‘परमरहस्य’ हा ग्रंथ लिहिणाऱ्या मन्मथस्वामींच्या समाधीपुढे टाळमृदंगाच्या साथीने त्यांचे अभंग म्हटले जातात. सोळाव्या शतकातील या वीरशैव संतकवीचे शब्द गाण्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही की कोणाला मोबदला द्यावा लागत नाही. याच सुमारास याच डोंगरपट्ट्यातून ऊसतोड मजुरांची कुटुंबे साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात. मुकादमाने दिलेली उचल अगोदरच खर्च झालेली असते. पुढचा सगळा हंगाम नवराबायकोचा कोयता ती फेडत राहतो. एकीकडे सर्वांच्या मालकीचे गाणे आणि दुसरीकडे आगाऊ विकले गेलेले श्रम! संगीताच्या आधुनिक बाजारपेठेत या दोहोंची गाठ कशी पडते, हे समाजवादी कार्यकर्त्यांनी समजून घेतले पाहिजे.

रॉक संगीताचा विषय निघाला की आपल्याकडील पुष्कळ मंडळी नाक मुरडतात. ‘पाश्चात्त्य धिंगाणा’ एवढा शेरा मारला की विषय संपला, असे त्यांना वाटते. वस्तुतः हा शेरा भांडवलदारांच्या पथ्यावरच पडतो. कारण अभिरुचीच्या वादात मालकीचा प्रश्न बाजूलाच राहतो.

‘रोलिंग स्टोन्स’ या १९६२ साली लंडनमध्ये स्थापन झालेल्या वाद्यवृंदाचेच उदाहरण घ्यावे. चाळिशीच्या निमित्ताने २००२ साली त्याने ‘फॉर्टी लिक्स’ हा संग्रह काढला. त्यातील ४० गाण्यांपैकी ३६ जुनी होती. याच निमित्ताच्या दौऱ्यात एप्रिल २००३ मध्ये मुंबईच्या ब्रेबोर्न स्टेडियमवर त्यांचा कार्यक्रम झाला. वाद्यवृंदाची सारी कारकीर्द एकत्र आणणारा संग्रह निघायला चाळीस वर्षे का लागावीत? उत्तर सरळ आहे. १९७१ पूर्वीच्या ध्वनिमुद्रणांची मालकी त्यांच्या माजी व्यवस्थापकाच्या, अॅलन क्लाईन यांच्या कंपनीकडे गेली होती. ज्या गाण्यांनी हा वाद्यवृंद जगप्रसिद्ध झाला, ती गाणी आपल्याच संग्रहात घेण्यासाठी त्या कंपनीशी करार करणे भाग होते.

या कोट्यधीश वादकांसाठी अश्रू ढाळण्याचे कारण नाही. त्यांचे संगीत तरी कोठून आले? मिसिसिपीच्या कापूस-मळ्यांत वाट्याने शेती करणाऱ्या, मळेवाल्याच्या कर्जात बुडालेल्या कृष्णवर्णीयांच्या ‘ब्लूज’ गाण्यांतून. वाद्यवृंदाचे नावसुद्धा मडी वॉटर्स या कृष्णवर्णीय गायकाच्या गाण्यावरून घेतलेले! प्रश्न इतकाच, की जगातील बलाढ्य कलावंतांची ही गत, तर दुर्बलांचे काय होत असेल?

ध्वनिमुद्रिका कंपनी कलावंताला आगाऊ रक्कम देते आणि ती त्याच्या मानधनाच्या वाट्यातून वळती करून घेते. ही उचलच नव्हे काय? फरक आहे तो कोयत्याच्या अंगाचा. मजुराने तोडलेला ऊस एकदाच गाळला जातो. गाणे मात्र तबकडीवर, कॅसेटवर, सीडीवर आणि आता मोबाईलवर पुनःपुन्हा गाळता येते. विसाव्या, चाळिसाव्या, पन्नासाव्या वर्षाचे संग्रह म्हणजे जुनाच ऊस नव्या चरकात घालणे होय. नवे श्रम फारसे लागत नाहीत. मालकीहक्कावरच जमीनदाराप्रमाणे खंड वसूल होतो.

कंपनीने धोका पत्करला, म्हणून नफा तिचा, असे समर्थन केले जाते. पण धोक्याची भरपाई किती वर्षे चालावी? युरोपात ध्वनिमुद्रणावरील हक्काची मुदत ५० वर्षे होती. या वाद्यवृंदाची पहिली तबकडी १९६३ ची. म्हणजे २०१३ अखेर ती मुक्त होणार होती. २०११ साली युरोपीय संघाने ही मुदत ७० वर्षे केली. वृद्ध, गरीब वादकांचे नाव पुढे करण्यात आले आणि त्यांच्यासाठी वाढीव वर्षांच्या उत्पन्नातील २० टक्के रक्कम राखूनही ठेवण्यात आली. परंतु मोठा वाटा कोणाकडे राहिला, हे सांगावयास नकोच.

भारतात ही मुदत ६० वर्षे आहे. ती एक दिवसानेही वाढू देता कामा नये. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार व संगीतकारांचा चित्रपटगीतांवरील मानधनाचा हक्क लिहून घेण्यास बंदी केली; गायक-वादकांनाही व्यापारी वापराच्या उत्पन्नात वाटा दिला. हक्क सोपविण्याच्या करारात मुदत लिहिलेली नसेल, तर ती ५ वर्षेच धरली जाते. हा कायदा किती शाहिरांना, किती भजनी मंडळांना ठाऊक आहे? एकरकमी पैसे घेऊन कोऱ्या मनाने सही करणारा कलावंत हा उचल घेणारा मजूरच आहे. त्याला करार वाचून दाखविणे हे आपल्या कार्यकर्त्यांचे काम आहे, तसेच जनतेच्या पैशातून आकाशवाणीने केलेली ध्वनिमुद्रणे जनतेला खुली व्हावीत ही मागणीही आपलीच आहे.

मन्मथस्वामींचे अभंग आज मुक्त आहेत. पण तेच अभंग गाणाऱ्या खेड्यातील गळ्याचे ध्वनिमुद्रण उद्या कोणाच्या मालकीचे असेल, याचा निर्णय व्हावयाचा आहे. तो बाजारावर सोडला, तर कपिलधारच्या पायथ्याशी मुकादम उभा आहेच.